'रानकवी' म्हणून मोकळे होऊ नका

ना. धों. महानोरांचे नाव निघाले की आमच्या रिसोडमध्येही लोक 'जैत रे जैत'ची गाणी गुणगुणतात, 'रानकवी' म्हणतात आणि मोकळे होतात. मला हा सन्मान वाटत नाही. हा सोयीस्कर विसर आहे. अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्यात या माणसाने स्वतः शेती केली. १९६७ साली 'रानातल्या कविता' दिल्या. १९७८ मध्ये विधान परिषदेवर गेले, तिथेही शेती आणि पाणी हेच बोलले.

'तो त्यांचा कवी' म्हणणाऱ्या माझ्या भावांना विचारतो, तूर-सोयाबीन आपण कोणत्या भाषेत पेरतो? मृग कोरडा गेला की आपण ईदगाहवर पावसाची नमाज पढतो, रडून दुआ मागतो. दुआ कबूल होते, पाऊस येतो आणि आपल्याच शेतातली माती घेऊन वाहून जातो. रहमत मागायची आणि दारातून परत पाठवायची, ही नाशुक्री नाही तर काय?

३ ऑगस्ट २०२३ रोजी महानोर गेले. त्यांची गाणी जरूर म्हणा. पण येत्या मृगाआधी शेतात एक तरी बांध घाला.