हक्कसोडीच्या कागदावर कुठला ‘वाद’ टिकतो?

आपल्या चळवळीत ‘उदारमतवादी’ हा शब्द शिवीसारखा वापरायची सवय झाली आहे. डावे मित्र म्हणतात, ती भांडवलदारांची विचारसरणी. संस्कृतिरक्षक म्हणतात, ते विलायतेहून आलेलं खूळ. आणि उदारमतवाद म्हणजे खुला बाजार एवढंच ज्यांना ठाऊक आहे ते विचारतात, आता बायका स्वतंत्र झाल्या, आणखी काय हवंय? मैत्रिणींनो, मला या तिघांशीही भांडायचं आहे. त्यासाठी मी एकच कागद पुढे ठेवते. आमच्या सारोळ्यात आणि आसपासच्या गावांत तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचं नाव हक्कसोडपत्र.

सारोळे भोर तालुक्याच्या टोकाला आहे, पुणे-सातारा महामार्गावर, नीरेच्या काठी. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. महामार्ग रुंद झाला, पलीकडे कारखाने आले, तसा इथल्या शेताचा भाव एकरावरून गुंठ्यावर आला. शेतात नुसतं धान्य पिकत होतं तोवर लेकींची नावं सातबाऱ्यावर आहेत की नाहीत याची कुणाला फिकीर नव्हती. गिऱ्हाईक दारात आलं, वकिलानं ‘बहिणींच्या सह्या लागतील’ असं सांगितलं, आणि एकाएकी बहिणी आठवल्या. गाडी पाठवून त्यांना आणतात, गोडाधोडाचं जेवण घालतात, साडीचोळी करतात. मग सही. कागदावर आधीच टाइप केलेलं असतं, ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’. अशा सह्या होताना मी शेजारी उभी राहिले आहे. एका कचेरीत साहेबांनी विचारलं, ‘मान्य आहे ना?’ बाई मान वर करायच्या आत भाऊ म्हणाला, ‘हो, मान्य आहे.’ शिक्का पडला.

आता या कागदासमोर एकेका विचारसरणीला उभं करू.

पहिला उदारमतवाद. त्याचं ऋण आधी मान्य करूया. बाई ही कुणाची मुलगी, बायको, आई असण्याआधी स्वतः एक व्यक्ती आहे, तिचं मत आणि तिची मालमत्ता तिची आहे, हे एवढ्या रोखठोकपणे याच विचारानं सांगितलं. जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या दास्यावरचं पुस्तक 1869 सालचं. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढलं आणि हाच व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार मराठीत आणला. त्याच काळात मुंबईत रखमाबाईचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं ती म्हणाली. नवऱ्यानं 1884 मध्ये कोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, पण अपिलानंतर फासे फिरले आणि 1887 मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सुधारकांनी तिच्या बचावासाठी समिती काढली. नवऱ्याकडे सक्तीनं नांदायला पाठवण्याचा दावा इंग्रजी कायद्यातून आलेला, तरी स्वदेशाचा अभिमान सांगणारा ‘केसरी’ नवऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. विलायती काय आणि देशी काय, हे बाईच्या बाबतीत सोयीनं ठरतं ते असं.

पण हाच उदारमतवाद हक्कसोडपत्राशी येऊन अडखळतो. तो म्हणतो, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं करार केला, आता बाहेरच्यांनी त्यात पडू नये. संमती कशी मिळाली हे तो विचारत नाही. ज्या बहिणीला नवऱ्यानं उद्या घराबाहेर काढलं तर माहेराखेरीज आसरा नाही, ती माहेराला ‘नाही’ कशी म्हणणार? ज्या ‘नाही’ची किंमत परवडत नाही त्याच्या शेजारचं ‘हो’ स्वखुशीचं नसतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या आंबेठाणहून शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली. खुल्या बाजाराचा इतका ठाम पुरस्कर्ता महाराष्ट्रात दुसरा दाखवणं कठीण. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला संघटनेनं शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं आणि शेतकरीण हीसुद्धा शेतकरी आहे हे गावोगाव पोचवलं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. अनेक गावांनी ते केलं, आणि भल्याभल्या डाव्या पक्षांना ते सुचलं नव्हतं हे मान्य करायला हवं. पण देणारा कोण? नवरा. हक्काचं दान झालं. आणि 9 मार्च 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं, तेव्हा विरोधातलं ते एक मत शरद जोशींचं होतं. त्यांचा आक्षेप राखीव जागा फिरवण्याच्या पद्धतीला होता असं म्हणतील. असेल. पण मला यात एक सूत्र दिसतं: पुरुषाच्या औदार्यावर भरवसा, आणि सक्तीच्या कायद्याबद्दल संशय. औदार्यावर बहिणीचा हिस्सा उभा राहत नाही हे आम्ही रोज पाहतो.

दुसरा समाजवाद. ‘नाही’ म्हणायला पोटाला आधार लागतो, हे डाव्यांनी ओळखलं. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं सुरू झाली, 1977 मध्ये महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला, तो 1979 पासून लागू झाला. बाई-पुरुषाला एकाच दरानं मजुरी, आणि मस्टरवर बाईचं स्वतःचं नाव. कागदावर स्वतःचं नाव बाईनं पहिल्यांदा तिथंच पाहिलं, अशी कितीतरी घरं आहेत. पण जमिनीची वेळ आली तेव्हा काय झालं? कमाल जमीनधारणेचा कायदा 1961 चा. सुधारणा होऊन त्यात ‘कुटुंब’ हे एकक ठरलं, आणि नवरा-बायकोची जमीन एकाच हिशोबात धरली गेली. कूळकायद्यानं जमीन कसणाऱ्याची झाली, पण लावणी, खुरपणी, कापणी करणारी कूळ म्हणून लागलीच नाही. सहकाराचंही तेच. ऊस घालणारा सभासद व्हायला सातबारा लागतो, सातबारा पुरुषाच्या नावे, म्हणून सभासदही पुरुषच. कुटुंबाच्या दाराशी आल्यावर वर्गसंघर्ष चपला काढून बाहेर थांबतो. उंबऱ्याच्या आत मालक कोण आणि मजूर कोण, हे विचारायला त्याला उदारमतवादाकडून ‘व्यक्ती’ हा शब्द उसना घ्यावाच लागतो.

तिसरा परंपरावाद. तो सगळ्यांत गोड बोलतो. घर फुटेल, भाऊबीज तुटेल, माहेर संपेल. हीच भाषा हिंदू कोड बिलाच्या वेळी होती. त्या बिलाची वाताहत झाली म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1956 च्या वारसा कायद्यानं मुलीला थोडं दिलं. 22 जून 1994 पासून महाराष्ट्रानं मुलीला सहहिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. म्हणजे पन्नास-साठ वर्षं झगडून जो हक्क पुढच्या दारानं घरात आला, तो हक्कसोडपत्र मागच्या दारानं बाहेर काढतं. आणि बहिणीनं हिस्सा मागितल्यावर जे माहेर तुटतं, ते होतं तरी किती मजबूत?

काही मैत्रिणी म्हणतील, ही तर जमीनवाल्या घरांतल्या बायांची रड. भोर-वेल्ह्यातल्या कातकरी बाईला, भूमिहीन दलित बाईला याचं काय? प्रश्न अगदी खरा आहे. म्हणूनच हमीचं काम, घराची जागा, रेशन या डाव्या मागण्या सोडता येत नाहीत. पण शासनाचं घरकुल किंवा पट्टा मिळतो तेव्हाही कागदावर नाव कुणाचं, हा प्रश्न तिच्यासमोर येतोच. व्यक्ती म्हणून नाव हवं आणि ते नाव टिकवायला पोटाचा आधार हवा. या दोन मागण्यांची तोंडं एकमेकींविरुद्ध करून देणं हा पुरुषी राजकारणाचा धंदा आहे. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत आंबेडकरांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालणार नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता वेगळी काढता येत नाहीत, हाही त्याच भाषणाचा गाभा. हक्कसोडीच्या कागदाला हे लावून पाहा: समतेशिवाय दिलेलं स्वातंत्र्य म्हणजे भावानं टाइप करून आणलेली ‘स्वखुशी’.

म्हणून माझी भूमिका अशी. कुठल्याच वादाची दीक्षा घ्यायची नाही, प्रत्येकाकडून त्याचं देणं वसूल करायचं. उदारमतवाद्यांना सांगायचं, संमती पवित्र मानता ना, मग ती तपासा: बहिणीला एकटीला बसवून विचारा, सहीआधी तिच्या हातात सातबारा आणि तिच्या हिश्शाची बाजारातली किंमत लेखी द्या, आणि सही केल्यावरही काही महिने माघार घेण्याची मुभा कायद्यात ठेवा. डाव्यांना सांगायचं, तुमच्या मोर्च्याच्या मागण्यांत ‘कुटुंबाला’ हा शब्द येईल तिथे ‘बाईला आणि पुरुषाला’ असं लिहा. आणि परंपरा सांगणाऱ्या भावांना सांगायचं, साडी आम्ही घेऊ, ओवाळूही, पण हिस्सा वेगळा आणि ओवाळणी वेगळी.

आपल्या गटांनीही एक काम हाती घ्यावं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन उतारे आणावेत, एक माहेरचा आणि एक सासरचा. आपलं नाव कुठं आहे, वारसनोंद झाली का, कुठल्या फेरफारानं नाव गेलं, हे सगळ्यांनी मिळून वाचावं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवावं. जिच्यापुढे हक्कसोडीचा कागद येईल तिनं एवढंच म्हणावं, ‘ठेवून जा, गटात वाचून सांगते.’