सलाईन म्हणजे नुसते पाणी नव्हे

"डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका." हडपसरला गाडीतळाजवळ दवाखाना चालवताना हे वाक्य मी रोज ऐकतो. पेशंटला खाता-पिता येत असेल तर मी सलाईन लावत नाही. तो नाराज होऊन जातो, एवढेच. पण हीच समजूत मोठ्या ऑपरेशनपर्यंत पोचली की प्रश्न गंभीर होतो.

माझ्या एका जुन्या पेशंटच्या भावाचे यकृत बदलण्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. घरच्यांनी मला फोन केला, "बाटल्या कमी लावल्यात, तुम्ही जरा सांगा ना!" मी सांगितले नाही. कारण समजावून घेण्यासारखे आहे.

यकृत-प्रत्यारोपणात मूत्रपिंडावर चहूबाजूंनी ताण येतो. यकृताच्या जुन्या आजाराने ते आधीच दुबळे झालेले असते. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होतो, रक्तदाब घसरतो. नंतर नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमससारखे औषधही मूत्रपिंडाला जाचक असते. अशा वेळी शिरेतून कोणता द्रव जातो आणि किती, याला फार महत्त्व आहे.

नेहमीच्या सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते. रक्तात क्लोराईडचे प्रमाण 100 च्या आसपास, तर सलाईनमध्ये 154. अशा अनेक बाटल्या गेल्या की रक्तातील आम्लता वाढते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटू शकतो. रिंगर लॅक्टेट किंवा प्लाझ्मालाइट हे द्रव रक्ताशी अधिक मिळतेजुळते असतात. रिंगरमधील लॅक्टेट मुख्यतः यकृतच पचवते, म्हणून नवे यकृत नीट काम करू लागेपर्यंत त्यावरही नजर ठेवावी लागते.

याला पुरावा काय? अमेरिकेत 2018 साली अतिदक्षता विभागातील 15,802 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाची टिकून राहिलेली बिघाडी यांचे एकत्रित प्रमाण सलाईन गटात 15.4 टक्के, तर संतुलित द्रवांच्या गटात 14.3 टक्के होते. 2022 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. पण 2023 मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या 808 रुग्णांत, नवे मूत्रपिंड उशिरा सुरू होऊन डायलिसिस लागण्याचे प्रमाण सलाईनने 40 टक्के, तर प्लाझ्मालाइटने 30 टक्के होते. स्टार्चच्या बाटल्यांनी अतिदक्षतेतील रुग्णांत डायलिसिसची गरज वाढते, हे तर 2012 मध्येच दिसून आले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सलाईन हे औषध आहे. केसपेपरवर त्याचे नाव, प्रमाण आणि वेग लिहिलेला असावा. सवयीने हाताला लागेल ती बाटली लावणे डॉक्टरांनी सोडावे आणि नातेवाइकांनीही "आणखी लावा" हा आग्रह सोडावा. जादा पाण्याने फुप्फुसात पाणी साठते, नव्या यकृतालाही सूज येते.

नातेवाइकांनी विचारायचे ते एवढेच : कोणता द्रव चालू आहे? तासाला लघवी किती होते? 60 किलोच्या माणसाला ती निदान 30 मिलिलिटर हवी. क्रिएटिनिन कालच्यापेक्षा वाढले का? हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

त्या पेशंटची लघवी चार दिवसांत सुरळीत झाली. बाटल्या वाढवून नव्हे, मोजूनमापून दिल्याने.