उताऱ्यासाठी ग्रंथ मोडणारे

भंगारात गेलेले वाफेचे इंजिन काही माणसे विकत घेतात, पदरचे पैसे आणि सुटीचे दिवस घालून ते दुरुस्त करतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा रुळांवर धावते करतात. अशा उद्योगाची वार्ता आपल्याकडे कौतुकमिश्रित हसण्याने स्वीकारली जाते. ऐकणारा गंभीर प्रकृतीचा असेल तर हसण्याच्या जागी एक पारिभाषिक शब्द येतो : स्मरणरंजन. हा शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याची जबाबदारी संपते, असा समज आपल्या समीक्षाव्यवहारात रूढ झाला आहे. त्या समजाला माझा विरोध आहे. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालते करणे ही वाचनाची कृती आहे, आणि चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या यंत्राच्या दर्शनाने ते वाचन होऊ शकत नाही, असे माझे म्हणणे आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तर हे इतरांच्या आधी कळायला हवे होते.

सर्वसाधारण विधाने करीत बसण्यापेक्षा एकच इंजिन घेऊ. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी लंडनजवळच्या हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात भीषण अपघात झाला. ११२ माणसे मृत्युमुखी पडली आणि एक बलाढ्य प्रवासी इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले. त्याची जागा भरण्याच्या निमित्ताने ब्रिटिश रेल्वेचे रॉबर्ट रिडल्स यांना एक नवे इंजिन बांधण्याची परवानगी मिळाली. १९५४ मध्ये क्रू येथील कारखान्यातून ते बाहेर पडले. क्रमांक ७१०००, नाव 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर'. तीन सिलिंडर, कॅप्रोटी पद्धतीची झडपयंत्रणा. ह्या वर्गाचे दुसरे इंजिन कधी बांधलेच गेले नाही, कारण पुढच्याच वर्षी ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप देण्याची योजना जाहीर केली.

ते चालवणाऱ्यांचे मत मात्र प्रतिकूल होते. इंजिन कोळसा खाते आणि वाफ धरत नाही, अशी त्याची ख्याती झाली. कल्पना चांगली होती पण कृती फसली, असा निकाल लागला. १९६२ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त करण्यात आले.

यानंतर जे घडले ते साहित्याच्या प्रत्येक अध्यापकाने लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. हे इंजिन एकमेवाद्वितीय असल्याने ते राष्ट्रीय संग्रहात ठेवावे असा विचार आधी झाला होता. नंतर ठरले की संपूर्ण इंजिनाची गरज नाही, त्याचा वैशिष्ट्यपूर्ण भाग तेवढा ठेवला की पुरे. एका बाजूचा सिलिंडर झडपयंत्रणेसह काढून घेण्यात आला, आतली रचना लोकांना दिसावी म्हणून कापून उघडा करण्यात आला आणि लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेला. दुसऱ्या बाजूचाही सिलिंडर काढला गेला. उरलेला सांगाडा साउथ वेल्समधील बॅरी येथे वुडहॅम बंधूंच्या भंगारवाड्यात पोचला. उतारा संग्रहात गेला आणि ग्रंथ रद्दीत. पाठ्यपुस्तकमंडळांच्या कामाची सवय असलेल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही.

बॅरीच्या त्या वाड्यात एकंदर २९७ इंजिने आली. त्यांपैकी २१३ वाचली. त्यामागे कोणाची इतिहासदृष्टी नव्हती. वुडहॅम यांना मालवाहू डबे तोडण्यात झटपट पैसा मिळत होता, त्यामुळे इंजिनांचे तोडकाम मागे पडत गेले, आणि दरम्यानच्या काळात खाऱ्या वाऱ्यात गंजत उभ्या असलेल्या त्या लोखंडाला गिऱ्हाइके मिळू लागली. १९७४ मध्ये 'ड्यूक'चा सांगाडा विकला गेला. घेणाऱ्यांपाशी सिलिंडर नव्हते, झडपयंत्रणा नव्हती, आणि हे काम अशक्य आहे असे सांगणारे जाणकार मात्र भरपूर होते. बाहेरचे सिलिंडर नव्याने ओतून घ्यावे लागले, झडपयंत्रणा नव्याने घडवावी लागली. १९८६ मध्ये इंजिन स्वतःच्या वाफेवर चालले, आणि १९९० मध्ये ते मुख्य मार्गावर परतले.

येथवरची कथा जिद्दीची आहे, आणि जिद्दीच्या कथांचे पीक आपल्याकडे उदंड आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. ह्या दुरुस्तीच्या ओघात असे आढळले की, भट्टीखालच्या राखपेटीला हवा घेण्यासाठी ज्या झडपा होत्या, त्या मूळ आराखड्याबरहुकूम बांधलेल्याच नव्हत्या. त्या लहान होत्या. शिवाय एवढ्या मोठ्या इंजिनाला त्याचे धुराडेही अपुरे होते.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यावाटे जोराने वर जाते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. चढावर इंजिनाला जितके अधिक कष्ट, तितका हा ओढा अधिक. इंजिन स्वतःच स्वतःचा भाता होते. पण खालून हवा येण्याची वाटच अरुंद असेल, आणि वरून ओढणारे धुराडे अपुरे असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी विस्तव गुदमरतो. फायरमन कोळसा टाकत राहतो, कोळसा अर्धवट जळतो, वाफेचा काटा खाली येतो. चालवणाऱ्यांची तक्रार अक्षरशः खरी होती. त्या तक्रारीवरून काढलेला निष्कर्ष मात्र उतावीळ होता. रिडल्स यांच्या कृतीवर जो शेरा मारला गेला, त्याचा मोठा भाग कारखान्यातल्या मुद्रणदोषावर आधारलेला होता. आठ वर्षे हे इंजिन अशुद्ध प्रतीवरून वाचले गेले, आणि त्या वाचनाच्या आधारे त्याला मोडीत काढण्यात आले.

हे कळले कसे? संग्रहालयातल्या कापलेल्या सिलिंडरसमोर शंभर वर्षे उभे राहिले असते तरी ते कळले नसते. ज्यांना ते इंजिन पेटवायचे होते त्यांना प्रत्येक भाग आराखड्याशी ताडून पाहणे भाग होते, म्हणून ते कळले. कृतीचा अर्थ लावण्याची जोखीम ज्याने पत्करली आहे त्यालाच तिच्यातले अशुद्ध पाठ सापडतात. केवळ दर्शन घेणाऱ्याला सगळीच प्रत शुद्ध दिसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अस्सलपणाचा. सिलिंडर नवे, झडपा नव्या, नळ्या नव्या. मग ह्यात जुने ते काय उरले? हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते की कार्यरत इंजिनाचे भाग त्याच्या उमेदीच्या काळातही सतत बदलत असत. बॉयलरच्या नळ्या झिजत, भट्टीचे पत्रे बदलत, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एका इंजिनाचा बॉयलर सर्रास दुसऱ्याला जाई. जो जन्मापासून एकाच देहात राहिला असा नग शोधणे म्हणजे मौखिक परंपरेतल्या रचनेची स्वाक्षरीची प्रत मागण्यासारखे आहे.

तरीही ह्या आक्षेपात एक सत्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'ड्यूक'च्या दुरुस्तीत दोन निराळ्या गोष्टी घडल्या. झडपा आराखड्याप्रमाणे करणे ही पाठशुद्धी. कर्त्याचे हस्तलिखित उपलब्ध असताना जुळाऱ्याची चूक दुरुस्त करण्यात कोणालाही अडचण असू नये. परंतु धुराड्याच्या जागी कायलचॅप पद्धतीची रचना बसवण्यात आली. फिनलंडचे किलाला आणि फ्रान्सचे शापलाँ यांच्या नावांवरून ओळखली जाणारी ही रचना उत्तम आहे, पण १९५४च्या 'ड्यूक'वर ती नव्हती. येथे संपादकाने कर्त्यावर सुधारणा केली आहे. इंजिन त्यामुळे अधिक चांगले चालते हे समर्थन होऊ शकत नाही. वाईट ओवी सुधारून देणारे संपादकही हेच म्हणत आले आहेत. मागणी एवढीच करता येते की पाठभेद नोंदला जावा : हे मूळचे, हे आराखड्यानुसार, हे आमचे. जेथे अशी नोंद होत नाही तेथील कामावर टीका जरूर करावी. मात्र ती टीका सदोष संपादनावरची आहे, संपादन ह्या कल्पनेवरची नव्हे, याचे भान ठेवावे.

आपल्या परंपरेत हा वाद अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेली अशुद्धे दूर करून पाठ सिद्ध केला. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्या हाती आलेली, त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, आणि तिच्या विश्वसनीयतेवर पुढे पुष्कळ वाद झाला. एकनाथांपुढे वाचणारा समाज होता, राजवाड्यांपुढे भाषेचा पुरावा होता. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि दोहोंचे नियम वेगळे आहेत. इंजिनांच्या जगातही तसेच. १८२९ चे स्टीफन्सन यांचे 'रॉकेट' कोणी पुन्हा पेटवू म्हणेल तर मी विरोधकांच्या पहिल्या रांगेत असेन. तो पुरावा आहे. त्याच्या लोखंडावरची प्रत्येक खूण हा दस्तऐवज आहे. चालवून पाहण्यासाठी १९७९ मध्ये त्याची प्रतिकृती बांधण्यात आली, हेच योग्य झाले. पण राजवाड्यांची प्रत महत्त्वाची म्हणून एकनाथांचे काम बंद करा, असे म्हणणारा मनुष्य ग्रंथप्रेमी नव्हे, कुलूपप्रेमी होय.

दुसरा आक्षेप हौशीपणाचा. हे काम तज्ज्ञांचे, त्यात रविवारच्या माणसांनी पडू नये. इतिहास उलट सांगतो. वेल्समधील टॅलिलिन ही अरुंद मापाची रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवली, आणि स्वयंसेवकांनी चालवलेली ती जगातील पहिली रेल्वे. तिच्यामागचा प्रमुख माणूस, एल. टी. सी. रोल्ट, हा लेखक होता. पहिल्या हंगामात तिचा भार मुख्यतः १८६६च्या 'डॉल्गोच' ह्या एकाच इंजिनावर पडला. तज्ज्ञांच्या आणि खात्यांच्या हिशेबात ही रेल्वे संपलेली होती. मराठी माणसाने तर हौशीपणाला हसूच नये. दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडणाऱ्या राजवाड्यांपाशी कोणत्या विद्यापीठाचे नेमणूकपत्र होते? पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये कोणत्या अनुदान आयोगाने काढले?

शिवाय येथे प्रश्न हातांतल्या विद्येचा आहे. विस्तव पातळ ठेवावा की जाड, चढ येण्याआधी किती आधी कोळसा टाकावा, धुराच्या रंगावरून भट्टीचे काय ओळखावे, हे पुस्तकात लिहिलेले असते. पण ते वाचून फायरमन होता येत नाही, जसे छंदःशास्त्र वाचून ओवी गाता येत नाही. ही विद्या शेजारी उभे राहूनच मिळते. चालते इंजिन नाही तेथे तिची शाळा नाही, आणि एक पिढी मध्ये गेली की ती कोणत्याही रकमेला परत मिळत नाही.

कोळशाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. हवामानाच्या संकटाच्या काळात हौसेसाठी कोळसा जाळणे हे नैतिकदृष्ट्या निर्वेध नाही. ह्या मंडळींनी पर्यायी इंधनाचा शोध घेतलाच पाहिजे, आणि गाड्या कमी चालवाव्या लागल्या तर चालवाव्यात. वर्षातून चार दिवस पेटणारे इंजिनही वाचले जात असते. कधीच न पेटणारे मात्र नाही.

राहता राहिला आपला संबंध. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासून हे यंत्र आपल्या इतिहासात आहे, आणि सत्तेचे वाहन म्हणून आहे. मग साम्राज्याच्या लोखंडाची सेवा आपण कशासाठी करावी? पण आज आपण काय करीत आहोत? स्थानकाबाहेर, कार्यालयापुढे, चौथऱ्यावर इंजिन उभे करतो, काळा रंग देतो, वर्षाची पाटी लावतो. रंगाखाली पाणी साचते, पत्रे आतून कुजतात, आणि पाटी चकाकत राहते. ही खरी भक्ती, आणि तीही अडाणी. यंत्राची सत्ता कशात होती हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ते उघडले पाहिजे. १८५५ चे 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा धावले, हे आपल्याकडचे सन्माननीय उदाहरण. पण ते काम रेल्वे खात्याचे. नागरिकांनी एकत्र येऊन हातात पाना घ्यावा अशी रीत आपल्याकडे रुजली नाही.

चौथऱ्याची ही सवय केवळ रेल्वेपुरती आहे का, हे वर्गात शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारावे. जन्मवर्ष, मृत्युवर्ष, वाङ्मयीन वैशिष्ट्ये पाच, आणि नमुन्यादाखल कापून उघडा केलेला एक उतारा. एखादा जुना ग्रंथ 'वाफ धरत नाही' असा शेरा आपण पिढ्यान् पिढ्या पुढे पोचवतो. तो शेरा कोणत्या आवृत्तीवरून मारला गेला, तिच्या झडपा आराखड्याप्रमाणे होत्या की नाही, हे पाहण्यासाठी आपल्यापैकी कितीजण वाकून राखपेटीत हात घालतात? ज्यांनी तो घातला त्यांचे कपडे काळे झाले, आयुष्याची बारा वर्षे गेली, आणि एका चुकीच्या निकालाची फेरतपासणी झाली. त्यांना स्मरणरंजनात रमलेले म्हणण्याचा अधिकार आपण कशाच्या बळावर सांगतो, ते एकदा स्पष्ट व्हावे.