राज्यमासा आणि त्याचे घर

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने पापलेटाला 'राज्यमासा' ही पदवी बहाल केली. त्याच्या अवघे पाच आठवडे आधी, जुलैअखेर, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवण बंदरास सशर्त संमती दिली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असावा असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. आम्हांस मात्र तो फार निकटचा वाटतो. सातपाटीच्या ज्या सरंग्याला आपण राज्याचे मानचिन्ह केले, त्याच्याच अंगणात आपण भराव घालावयास निघालो आहोत, आणि त्या अंगणाची साधी मोजदादही लोकांपुढे मांडलेली नाही.

मुंबईकराच्या नजरेला पालघरचा किनारा म्हणजे सुरूची बने, मचूळ पाणी आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. गोव्याच्या किंवा मालवणच्या निळाईपुढे हा समुद्र कुरूप वाटला तर नवल नाही. परंतु माशांचे मत याहून निराळे आहे. खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी उथळ समुद्रतळ पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत रुंद पसरला आहे. भरती-ओहोटीचा जोर येथे दक्षिण कोकणाहून कितीतरी अधिक आहे. वैतरणेसारख्या नद्या गाळ आणि गोडे पाणी आणून ओततात, आणि खाड्यांच्या काठची तिवरे कोळंबीच्या व माशांच्या पिलांना आसरा देतात. पाणी गढूळ आहे ते या अन्नामुळेच. मांगेला, वैती, कोळी बांधवांची डोल ही जाळ्याची जात तर या ओढीवाचून चालूच शकत नाही. समुद्रतळात खांब रोवून त्यांना जाळ्याची पिशवी बांधावयाची आणि बोंबील, जवळा, करंदी यांना प्रवाहानेच तिच्यात आणून सोडावयाचे, असा हा व्यवहार. या 'कवी' कोठे माराव्या यावरून पालघर आणि वसईच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षे भांडणे चालत आली आहेत. ज्या पाण्याला शहरी माणूस रिकामे समजतो, त्यात हातभर जागेसाठीही माणसे भांडतात!

वाढवणच्या किनाऱ्यावर खडकांचे विस्तीर्ण पठार ओहोटीला मोकळे होते. तेथील शंखोदर गावकऱ्यांना पूज्य आहे. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, या खडकांच्या कपारींत कालवे, चिंबोऱ्या, शेवंडी आणि नाना जातींचे लहान जीव राहतात, आणि आसपासच्या गावांतील स्त्रिया ते वेचून घर चालवितात. या स्त्रियांकडे नाव नसते, परवाना नसतो, डिझेलची सवलत नसते. त्यामुळे नुकसानभरपाईची यादी करणाऱ्या कारकुनाला त्या दिसत नाहीत.

या समुद्राने यापूर्वीही देशासाठी बरेच सोसले आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि २००५-०६ मध्ये त्यात ५४० मेगावॉटच्या दोन नव्या संचांची भर पडली. त्यापायी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अशी केंद्रे समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी ओढून घेतात आणि ते ऊन करून परत सोडतात. ओढलेल्या पाण्याबरोबर माशांची अंडी आणि पिलेही आत जातात, ही गोष्ट किरणोत्साराच्या चर्चेत नेहमी मागे पडते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीची कथा अधिक खेदाची आहे. तिचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याशी समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साठी केलेल्या मोजणीत देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला लागला, ९३.६९ गुणांनी! येथील मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादाकडे धाव घेतली, आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांवर व सांडपाणी केंद्रावर कोट्यवधींचा दंड बसविला. दंड बसवून मेलेला मासा जिवंत होत नाही, हे लवादालाही ठाऊक असेल.

आता वाढवण. १९९८ साली न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने याच जागी बंदर होऊ देण्यास नकार दिला होता. पुढील पंचवीस वर्षांत समुद्र बदलला नाही, शासनाची निकड बदलली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. जूनमध्ये ७६,२२० कोटींच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांनी पायाभरणी केली. १,४४८ हेक्टर समुद्र भरावयाचा आहे आणि त्यासाठी लागणारी वाळू दमणच्या समुद्रतळातून उपसावयाची आहे. देशाला खोल पाण्याचे बंदर नको, असे आम्ही म्हणणार नाही. मोठी जहाजे कोठेतरी लागलीच पाहिजेत. परंतु भरावाने प्रवाहाचे वळण बदलले, उपशाचा गाळ तळावर बसला, तर डोलीत काय येईल, या प्रश्नाचे उत्तर मच्छीमाराला त्याच्या भाषेत कोणी दिलेले नाही. हजारो पानांचे अहवाल इंग्रजीत आहेत.

मच्छीमार आणि आपण शहरवासी यांनाही येथे निर्दोष ठरविता येणार नाही. तळहातापेक्षा लहान पापलेटे जाळ्यात घेतली जातात, कारण आपल्या बाजारात ती 'स्वस्त' म्हणून खपतात. अंडी घालण्यापूर्वीच मासा ताटात आला, तर पुढील वर्षीची टंचाई आपणच विकत घेतली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. दादर किंवा पार्ल्याच्या मंडईत तो नियम किती कोळणींना ठाऊक आहे आणि किती गिऱ्हाईक तो विचारतात, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. याच समुद्रात २०२१ साली मुरब्याच्या एका नौकेला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. वर्तमानपत्रांनी ती सोडतीसारखी छापली. घोळ पूर्वी येथे इतकी दुर्मिळ नव्हती, हे सांगण्यास कोणाला सवड झाली नाही.

आमची मागणी मोठी नाही. वाढवणपासून सातपाटीपर्यंतच्या समुद्रात कोणत्या महिन्यात कोणता मासा किती येतो, पिले कोठे वाढतात, तळ कसा आहे, याची पाहणी केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेसारख्या तज्ज्ञ संस्थेकडून दरवर्षी व्हावी. तिचा खर्च बंदराने द्यावा, परंतु तिच्यावर बंदराचा अधिकार नसावा. निष्कर्ष मराठीत छापून प्रत्येक गावच्या मच्छीमार सोसायटीत लावावेत. नवापूरच्या तोंडाशी पाण्यात काय सोडले जाते, याचे रोजचे आकडे जनतेला पाहता यावेत. भरपाईच्या यादीत कालवे वेचणाऱ्या आणि बोंबील वाळविणाऱ्या स्त्रियांची नावे नौकामालकांच्या नावांबरोबरच यावीत. आणि पाहणीत माशांची पैदास घटल्याचे दिसले, तर भराव कोणत्या टप्प्यावर थांबवावयाचा, हे आजच लिहून ठेवावे. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव पुढे आला आहे. त्याच्या कागदांवर सही होण्यापूर्वी ही पहिली पाहणी तरी शासनाने प्रसिद्ध करावी.