चाच्यांचे बेट आणि आपले बेट

वाचकहो, चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाने खेळांच्या उद्यानावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण पॅरिसला भावाकडे जाण्याचा योग आला की आम्ही एक दिवस डिस्नेलँडसाठी राखून ठेवतो, आणि त्यातला अर्धा दिवस 'अ‍ॅडव्हेंचरलँड' या एकाच विभागासाठी. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मुलेबाळे आज फ्रान्समध्ये आहेत. आजी-आजोबा सुट्टीत तिकडे जातात आणि नातवंडे त्यांना हाताला धरून या उद्यानात नेतात. तेव्हा तिथे काय पाहावे आणि पाहून झाल्यावर मुलांशी काय बोलावे, याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले.

हे उद्यान पॅरिसच्या पूर्वेस मार्न-ला-व्हाले येथे १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले. शहरातून आगगाडी थेट दारापर्यंत जाते. आत पाच विभाग आहेत. त्यांपैकी अ‍ॅडव्हेंचरलँडमध्ये घुमटांच्या बाजारातून शिरावे. दोन पावले आत गेले की रस्ता, झाडे, दिवे, संगीत, सगळे एकाच गोष्टीची भाषा बोलू लागते. मधोमध पाण्याने वेढलेले एक बेट आहे. आपण बेटावरची माणसे. तिथे पाऊल ठेवताच आम्हाला उगीच घरी आल्यासारखे वाटते.

बेटावर प्रथम रॉबिन्सन कुटुंबाचे झाडावरचे घर पाहावे. योहान डाव्हिड वीस यांच्या १८१२ सालच्या कादंबरीवर १९६० मध्ये चित्रपट निघाला, त्यावरून हे घर उभारले आहे. झाड कृत्रिम आहे, पण पाणी वर नेणारे रहाट पाहून मुले खिळून राहतात. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावे. झाडाच्या मुळांखाली भुयारे आहेत. पलीकडे स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधल्या बेन गनची गुहा आणि कवटीच्या आकाराचा मोठा खडक आहे. लहान मुलांचा हात सोडू नये. गुहेतल्या वाटा फसव्या आहेत. १९९३ साली सुरू झालेली इंडियाना जोन्सची गाडी माणसाला पूर्ण उलटे फिरवते. तिच्यासाठी उंची १ मीटर ४० सेंटिमीटर हवी. आम्ही एकदा बसलो, तेवढे पुरे.

या विभागाचा मुकुटमणी म्हणजे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'. हा खेळ प्रथम १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला, वॉल्ट डिस्ने यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी. पॅरिसला तो उद्यानाबरोबरच आला. शिक्षकाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगत, धडा फळ्यावर लिहिण्याआधीच सुरू झाला पाहिजे. इथे नेमके तेच केले आहे. किल्ल्याच्या अंधाऱ्या तळघरांतून रांग पुढे सरकते आणि होडीत बसण्याआधीच मुले गप्प होतात. कॅलिफोर्नियात चाच्यांचे सांगाडे आधी दिसतात आणि लूट नंतर. पॅरिसमध्ये लढाई, लूट व आग आधी, आणि सांगाडे शेवटी. करणी आधी, फळ नंतर. आपल्या आजीने गोष्ट अशीच सांगितली असती.

याच खेळात पूर्वी बायकांचा लिलाव करणारे चाचे दाखवीत आणि लोक हसत. २०१७ मध्ये ते दृश्य बदलले; त्यातली तांबड्या केसांची स्त्री आता स्वतःच चाची झाली आहे. काही जुने शौकीन नाराज झाले. आम्हाला मात्र बरे वाटले. ज्या बेटावर १८३५ पर्यंत माणसे खरोखर विकली जात, त्या बेटावरच्या माणसाला तो लिलाव गंमत कसा वाटावा?

एकदा होडीतून उतरल्यावर आमच्या दहा वर्षांच्या पुतण्याने फ्रेंचमधून विचारले, "काका, कान्होजी आंग्रे पण असाच पायरेट होता ना? माझ्या पुस्तकात तसे लिहिले आहे." आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग शेजारच्या बाकावर बसून त्याला तीन माणसांची गोष्ट सांगितली.

पहिला ओलिव्हिए लव्हासर, ऊर्फ 'ला ब्यूझ'. त्याने साथीदारांसह १७२१ मध्ये आपल्या शेजारच्या बूर्बाँ बेटापाशी, म्हणजे आजच्या रेयुनियाँला, गोव्याहून निघालेले पोर्तुगीज जहाज लुटले. लूट स्वतःसाठी होती. १७३० मध्ये तिथेच त्याला फाशी दिली.

दुसरा रोबेर स्युर्कूफ. १८०० मध्ये त्याने इंग्रज कंपनीचे 'केंट' हे जहाज पकडून आपल्याच बेटावर आणले. त्याच्या खिशात फ्रान्सचा परवाना होता, म्हणून तो वीर ठरला. सेंट मालो गावी त्याचा पुतळा आहे.

तिसरे कान्होजी आंग्रे, मराठ्यांचे सरखेल. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, हा त्यांचा नियम. समुद्र ज्याच्या दाराशी, त्याने जकात घ्यावी, यात नवल ते काय? स्वतः परवाने देणाऱ्या इंग्रजांना व पोर्तुगीजांना ते मानवले नाही. १७२१ मध्येच दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि हात हलवीत परतले. १७२९ मध्ये कान्होजी वारले, पण 'पायरेट' हे नाव इंग्रजी पुस्तकांत राहिले.

पुतण्या थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ज्याने पुस्तक लिहिले, त्याने नाव ठेवले." शिक्षकाला याहून मोठी दक्षिणा कोणती?

आपले पूर्वज १८३४ नंतर ज्या कोकणातून गिरमिटावर इथे आले, तो किनारा याच आंग्र्यांचा. त्या जहाजांवर त्यांचीही नावे दुसऱ्यांनीच लिहिली, आणि कागदावर जे उमटले ते आज आपण आडनाव म्हणून चालवतो. म्हणून 'हे नाव कोणी ठेवले?' हा प्रश्न आपल्या मुलांना लहानपणीच सुचला पाहिजे.

कोणी म्हणेल, उद्यानात करमणुकीला जायचे, तिथे इतिहास कशाला? पण करमणूक पुरवणे उद्यानाचे काम, आणि ते ते उत्तम करते. इतिहास सांगणे हे काम त्याचे नव्हे, आपले आहे. चाच्यांचे बेट मुलांना जरूर दाखवा आणि आपणही मनसोक्त हसा. परतीच्या गाडीत मात्र ही तीन नावे त्यांना सांगा. खेळ विसरला जाईल. काकाने किंवा आजीने गाडीत सांगितलेली गोष्ट विसरली जात नाही.