चौथी सीट आणि आठवा नंबर

मंडळी, या वीकएंडला करिअर, कोड, अप्रेझल वगैरे काही नाही. आज फक्त क्रिकेट. तेही आयपीएल नव्हे, रणजी. ("रणजी कोण बघतं रे आजकाल?" असं विचारणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं, आपला राग नाही.)

विषय एवढाच, की आपल्या मुंबईच्या टीममध्ये कोणी कितव्या नंबरला बॅटिंगला यायचं आणि फिल्डिंगला कोणी कुठे उभं राहायचं, हे ठरतं कशावर? माझं मत विचाराल तर बरंचसं मानपानावर. लग्नाच्या पंगतीत कसं, मोठ्या काकांचा पाट ठरलेला, आत्येभावाचा ठरलेला, आणि सकाळपासून पाणी भरणारा पोरगा शेवटच्या पंगतीला. तसंच काहीसं.

उदाहरण म्हणून जानेवारी २०२५ ची मॅच घेऊ. बीकेसीच्या मैदानावर मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर. ऑस्ट्रेलियात टेस्ट सीरिज हरून आपले लोक परत आले होते, बोर्डाने सगळ्यांना सांगितलं होतं की डोमेस्टिक खेळा, आणि त्यामुळे रोहित शर्मा २०१५ नंतर पहिल्यांदा रणजी खेळायला उतरला. सोबत यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. कागदावर बघितलं तर ही टीम परदेशातही एखादी टेस्ट काढेल!

झालं काय? पहिल्या डावात ७ बाद ४७. सगळे मिळून १२०. दुसऱ्या डावात ७ बाद १०१, आणि तिथून २९०. जम्मू-काश्मीरने २०५ चं टार्गेट पाच विकेट राखून गाठलं. (त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये वानखेडेवर येऊनही त्यांनी आपल्याला हरवलं होतं.)

आता धावा कोणी केल्या ते बघा. शार्दूल, आठव्या नंबरवर: ५१ आणि ११९. तनुष कोटियन, नवव्या नंबरवर: २६ आणि ६२. दोघांच्या मिळून २५८. मुंबईच्या दोन्ही डावांच्या एकूण ४१०. म्हणजे बाकीचे नऊ जण अधिक एक्स्ट्रा, सगळं धरून १५२! रोहित ३ आणि २८, जयस्वाल ४ आणि २६, रहाणे १२ आणि १६, अय्यर ११ आणि १७, दुबे दोन्ही वेळा शून्य. असो.

मोठी माणसं फेल जातात, त्यात काही गुन्हा नाही. माझा मुद्दा बाहेर कोण बसलं हा आहे.

बाहेर बसला आयुष म्हात्रे. विरारचा मुलगा, तेव्हा वय वर्षं १७. त्याच मोसमात ओपनिंगला येऊन महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सर्व्हिसेसविरुद्ध ११६ केलेला. आणि बाहेर बसला सिद्धेश लाड, ज्याने त्याच मोसमात ओडिशाविरुद्ध नाबाद १६९ केल्या होत्या. एक ओपनर, एक मधल्या फळीतला, दोघेही फॉर्मात. दोघांना उठवलं, कारण मोठी माणसं आली.

विरार लोकलने जाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तीन जणांच्या बाकड्यावर चौथा कडेला अर्धवट टेकून बसतो, एक पाय पॅसेजमध्ये. पण त्या चौथ्या सीटचाही एक कायदा आहे. वसईपासून टेकलेल्या माणसाला बोरिवलीला चढलेला माणूस "ऊठ रे, मी सीनियर" असं म्हणत नाही. म्हटलं तर अख्खा डबा त्याच्यावर तुटून पडेल. रणजी टीममध्ये मात्र चालतं. आणि आपल्या आयटीतही चालतं म्हणा! ऑनसाइटहून साहेब परत आले की सहा महिने मॉड्यूल सांभाळणाऱ्या फ्रेशरला बेंचवर पाठवतात, आणि मग प्रॉडक्शनला काही फाटलं की रात्री दोनला फोन त्या फ्रेशरलाच :-)

या मॅचमध्ये आणखी एक गंमत होती, आणि ती बोरिवलीकरांना जास्त कळेल. रोहित आणि शार्दूल दोघेही दिनेश लाड सरांचे विद्यार्थी, बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेतले. शार्दूल पालघरचा. रोजचा प्रवास परवडण्यासारखा नव्हता, म्हणून सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आणि सिद्धेश हा लाड सरांचा मुलगा. म्हणजे एकाच घरच्या अंगणात वाढलेले तिघं एका स्क्वाडमध्ये: एक ओपनिंगला, एक आठव्या नंबरवर, एक पाणी द्यायला.

त्यातला रोहित शाळेत कितव्या नंबरला यायचा माहितीय? आठव्या! तो सरांकडे आला तो ऑफस्पिनर म्हणून. फी परवडत नव्हती, ती सरांनी माफ करवून घेतली. पुढे त्याची बॅट कशी चालते ते सरांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी त्याला आठव्यावरून उचलून थेट ओपनिंगला पाठवलं. सिनियॉरिटी बघितली नाही, "आधी सहाव्याला खेळ, मग बघू" असं म्हटलं नाही. पोरगा काय करू शकतो ते बघितलं आणि जागा दिली. बास.

आणि हे रोहितच्या बाबतीत पुन्हा पुन्हा करावं लागलं. २००७ मध्ये वनडेत आला, मग पाच-सहा वर्षं मधल्या फळीत वर-खाली. "टॅलेंट आहे पण..." हे वाक्य आपण सगळ्यांनीच तेव्हा ऐकलंय. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध ओपनिंगला आला, ८३ मारल्या आणि गाडी रुळावर आली. वनडेतली त्याची तीनही द्विशतकं त्यानंतरची, ओपनर म्हणूनच. टेस्टमध्येही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला पहिल्यांदा ओपनिंग केलं आणि एकाच मॅचमध्ये १७६ आणि १२७. माणूस तोच, हात तेच, बॅटही साधारण तीच. फक्त नंबर बदलला. म्हणून बॅटिंग ऑर्डर म्हणजे मानाचा पाट नव्हे हे कोणाला कळायला हवं असेल, तर ते मुंबईला.

आता कोणी म्हणेल, एका मॅचवरून काय एवढं? एक मॅच असती तर मीही सोडून दिलं असतं. पण मागचं बघा.

फेब्रुवारी २०२४, क्वार्टर फायनल, बडोद्याविरुद्ध: दहाव्या नंबरचा कोटियन नाबाद १२०, अकराव्या नंबरचा तुषार देशपांडे १२३. शेवटच्या विकेटसाठी २३२! मार्च २०२४, सेमी फायनल, तामिळनाडूविरुद्ध: ७ बाद १०६, मग नवव्या नंबरच्या शार्दूलचं शतक, कोटियन नाबाद ८९, एकूण ३७८. फायनल, विदर्भाविरुद्ध: ६ बाद १११, मग शार्दूलच्या ७५, एकूण २२४. आपण ४२ वी रणजी जिंकली ती अशी. फेब्रुवारी २०२५, हरियाणाविरुद्ध ईडन गार्डन्सवर: ७ बाद ११३, मग शम्स मुलानी ९१, कोटियन ९७, एकूण ३१५.

दरवेळी आपण टाळ्या वाजवतो, "मुंबईचं शेपूट वळवळतं" म्हणतो, खडूस क्रिकेट वगैरे म्हणून कॉलर ताठ करतो. अहो, पण शेपटालाच रोज चालावं लागत असेल तर पायांचं काहीतरी बघायला नको का?

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला: खालचे खेळतात कारण बॉल जुना झालेला असतो, बोलर दमलेले असतात. त्यांना वर आणलं तर तेही उडतील. यात तथ्य आहे. पण ४७ धावांत सात जण परत आल्यावर बॉल जुना व्हायला आणि बोलर दमायला वेळ मिळालाच कुठे? बीकेसीला शार्दूल आणि कोटियन जवळजवळ ओपनिंगच करत होते. तरीही मी शार्दूलला पहिल्या तिघांत आणा असं म्हणत नाही. त्याच्याकडून नव्या बॉलने बोलिंगही हवी, आणि माणूस शेवटी एकच आहे. कोटियनला मात्र दुबेच्या जागी सहाव्या नंबरवर बघायला मला आवडलं असतं.

दुसरा आक्षेप: इंडियाचा कॅप्टन रणजी खेळायला येतो आणि तुम्ही त्याला बाहेर बसवणार? नाही बुवा. रोहितने खेळावंच. लोक त्याला बघायला बीकेसीला आले, ड्रेसिंग रूममध्ये पोरांना चार गोष्टी ऐकायला मिळाल्या असतील, हे सगळं चांगलंच. जयस्वाललाही काढता येत नाही, त्याने ऑस्ट्रेलियात ३९१ धावा केल्या होत्या. पण या दोघांना घेऊनही आणखी जागा होत्या ना? तिसऱ्या नंबरवर हार्दिक तामोरे आला. तो विकेटकीपर, आणि त्याला वन डाउन पाठवलं, तेही सिद्धेशसारखा माणूस बाहेर असताना. म्हणून माझी त्या मॅचची ऑर्डर अशी:

रोहित, जयस्वाल, सिद्धेश लाड, रहाणे, अय्यर, कोटियन, तामोरे, शार्दूल, मुलानी आणि दोन बोलर. आयुष बारावा. हो, आयुष तरीही बाहेरच! ओपनिंगच्या दोनच जागा असतात आणि त्या दिवशी दोघांचं पारडं जड होतं. पण बारावा म्हणून बसवताना "पुढची मॅच तुझी" हे सांगता येतं, आणि सिद्धेशला तर बसवायची गरजच नव्हती. पुढच्याच मॅचमध्ये मेघालयाविरुद्ध त्याने १४५ केल्या. त्याच डावात आकाश आनंदचं शतक, मुलानीचं शतक, ७ बाद ६७१ वर डिक्लेअर आणि एक डाव ४५६ धावांनी विजय. मेघालय दुबळी टीम होती, मान्य. पण त्या मॅचमध्ये रोहित-जयस्वाल नव्हते आणि कोणाचंही काही अडलं नाही.

फिल्डिंगचं तर याहून मजेशीर. भारतात कुठल्याही टीममध्ये बघा, शॉर्ट लेगला कोण? टीममधला सगळ्यात लहान. हेल्मेट घाल आणि वाक. सीनियर मंडळी स्लिपमध्ये गप्पा मारत. म्हणजे जिथे सगळ्यात चपळ नजर लागते ती जागा आपण रॅगिंगसारखी वाटतो. आणि ही सवय मुंबईला शोभत नाही, कारण शॉर्ट लेगला कसं उभं राहायचं हे जगाला मुंबईकराने दाखवलं. एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. २७ टेस्टमध्ये ५३ कॅच, हेल्मेट नसतानाच्या काळात. १९७१ ला ओव्हलवर वेंकटच्या बोलिंगवर अॅलन नॉटचा त्याने झेपावून घेतलेला कॅच आपल्या बाबा लोकांनी आपल्याला हजार वेळा सांगितलाय. वाडेकरने त्याला तिथे उभं केलं ते तो कॅच सोडत नाही म्हणून.

उलटही खरं आहे. गावसकर स्लिपला असायचा तो नुसता मोठा खेळाडू म्हणून नाही. कीपर सोडून टेस्टमध्ये शंभर कॅच घेणारा तो पहिला भारतीय. रहाणेने २०१५ मध्ये गॉलला एका टेस्टमध्ये आठ कॅच घेतले, तो कीपर नसलेल्या फिल्डरसाठी विश्वविक्रम. असा माणूस स्लिपमध्ये सीनियर असो वा ज्युनियर, उभा राहणारच. तिथे मान आणि काम एकाच माणसाकडे आहेत. भांडण तेव्हाच होतं जेव्हा ते दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि आपण मानाकडे बघतो.

२०२५ ची गोष्ट संपली नागपूरला, फेब्रुवारीत, सेमी फायनलमध्ये. सूर्यकुमार आणि दुबे टी-ट्वेंटी खेळून आलेले, आणि पाच-सहा नंबर त्यांच्यासाठी तयार. विदर्भाच्या पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे असे तिघं उचलले. नंतरचे दोघं शून्यावर. ओपनर आकाश आनंदने एका बाजूने १०६ केल्या, तरी २७० च झाल्या, विदर्भाच्या ३८३ समोर. शेवटी ८० धावांनी हरलो. आयुषही त्या मॅचमध्ये चालला नाही, हेही सांगायला हवं. तरुण घेतला की जिंकलोच, असं माझं म्हणणंच नाही. म्हणणं एवढंच, की ज्याने मोसमभर ऊन खाल्लंय त्याला फेल व्हायचाही पहिला हक्क द्या.

एक गोष्ट मात्र बरी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने कप्तानी सोडली आणि २०२५-२६ साठी ती शार्दूलला मिळाली. आठव्या-नवव्या नंबरवरून टीम वाचवणारा माणूस टॉसला जाणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. आठव्या नंबरवरून मैदान कसं दिसतं ते त्याला कोणी सांगायला नको.

तर मंडळी, माझी ऑर्डर वर दिलीय. दुबेवाल्यांनी शिव्या घालाव्यात, स्वागत आहे. फक्त नुसतं "तो मोठा प्लेयर आहे" हे कारण देऊ नका. कितव्या नंबरला खेळवाल आणि का, ते सांगा.

ता. क.: श्रेयसच्या चौथ्या-पाचव्या नंबरवर वेगळं लिहायचंय. पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर.