भाव एकत्र ठरवला तरच लहानांचा टिकाव

जागतिकीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे अमेरिका, चीन आणि फार तर बांगलादेशची चर्चा होते. मोठ्याने लहानाला कसे गिळले याचे किस्से बाजारात रोज ऐकायला मिळतात. पण आपल्यापेक्षाही कितीतरी लहान सौदागर या जगात आहेत आणि त्यांची गिऱ्हाइके मात्र अमेरिका, जपान, कोरिया, तैवान अशी बडी आहेत. प्रशांत महासागरातली आणि कॅरिबियन समुद्रातली ही चिमुकली बेटे खुल्या बाजारात कुठे टिकली आणि कुठे बुडाली, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

आधी त्यांची ऐपत पाहू. तुवालू हा देश अवघा २६ चौरस किलोमीटरचा, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. नाउरू २१ चौरस किलोमीटरचा. किरिबातीची सगळी बेटे एकत्र केली तरी जमीन ८११ चौरस किलोमीटर भरते. धान्य, इंधन, कापड, औषधे, सिमेंट, सारे काही जहाजाने यायचे. माल थोडा म्हणून भाडे जास्त, खरेदी थोडी म्हणून दर जास्त आणि विकायला एखादीच जिन्नस. अशा दुकानदाराला घाऊक बाजारात कोण विचारतो?

मात्र या गरिबांकडे एक दौलत आहे, ती म्हणजे समुद्र. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्या त्या देशाचा हक्क मान्य केला. त्या हिशेबाने किरिबातीच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्र आला, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षाही मोठा. या पाण्यात ट्यूना मासा आहे. आपल्या कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच बिरादरीतला हा मासा डबाबंद होऊन जगभर विकला जातो.

एकेकट्याचा सौदा

माल होता, पण भाव मिळत नव्हता. परदेशी कंपन्यांची जहाजे एकेका सरकारशी वेगवेगळा सौदा करीत. एकाने दर वाढवून मागितला की उत्तर तयार असे, "तुम्हाला परवडत नसेल तर राहू द्या, शेजारी स्वस्तात परवाना देतो आहे." हे वाक्य आपल्या बाजारात कोणी ऐकले नसेल? परिणाम असा की पकडलेल्या माशांच्या किमतीच्या पाच-सहा टक्के एवढीच रक्कम मालकाच्या हातात पडत असे.

अमेरिकेची तर या माशावरचा किनारी देशांचा हक्कच मान्य करायची तयारी नव्हती. १९८४ साली सॉलोमन बेटांनी आपल्या पाण्यात मासेमारी करणारे एक अमेरिकन जहाज जप्त केले, तेव्हा अमेरिकेने सॉलोमनच्या मासळीवर बंदी घातली. १९८५ साली किरिबातीने सोव्हिएत रशियाला वर्षभराचा परवाना दिला. तेव्हा मात्र वॉशिंग्टनची झोप उडाली आणि १९८७ मध्ये अमेरिकेने या भागातल्या देशांशी एकत्रित करार केला. बड्या गिऱ्हाइकाला आपली गरज कधी असते हे ओळखणे हाही धंद्याचाच भाग आहे.

या मंडळींपैकी बहुतेकांनी १९८२ मध्येच नाउरू येथील करारावर सह्या केल्या होत्या. मायक्रोनेशिया, किरिबाती, मार्शल बेटे, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि तुवालू हे आठ देश त्यात आहेत. जगातल्या स्किपजॅक जातीच्या ट्यूनाचा जवळपास निम्मा पुरवठा यांच्या पाण्यातून होतो. पण करारावर सही करणे वेगळे आणि एका भावावर ठाम राहणे वेगळे. या दोन गोष्टींमध्ये पंचवीस वर्षे गेली.

२००७ च्या अखेरीस त्यांनी नवी पद्धत अमलात आणली. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या जहाजांना परवाना द्यायचा तो दिवसाच्या हिशेबाने. वर्षाला एकूण किती दिवस मासेमारी करू द्यायची हे आठांनी मिळून ठरवायचे (हा आकडा ४५ हजारांच्या आसपास असतो), त्यातून प्रत्येक देशाचा हिस्सा काढायचा आणि ठरलेल्या किमान दराखाली कोणीही दिवस विकायचा नाही. हा किमान दर सुरुवातीला पाच हजार डॉलर होता, २०१५ पासून तो आठ हजार डॉलर झाला. २०१० मध्ये आठांची मिळून कमाई सुमारे सहा कोटी डॉलर होती. त्याच दशकाच्या अखेरीस ती पन्नास कोटींच्या घरात गेली. मासा तोच, समुद्र तोच. वाढला तो भाव.

यात तीन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली, हिशेब. २०१० मध्ये मार्शल बेटांच्या माजुरो शहरात स्वतंत्र कचेरी उघडली आणि सॉलोमनचे कायदेपंडित ट्रान्सफॉर्म अकोराऊ यांच्या हाती तिचा कारभार दिला. जहाज कुठे आहे हे उपग्रहावरून कळते आणि जहाजावर निरीक्षक बसवण्याची सक्ती झाली. दुसरी, लवचिकता. हवामान फिरले की मासा कधी पूर्वेला किरिबातीकडे सरकतो, कधी पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे. म्हणून आपले उरलेले दिवस शेजाऱ्याला विकायची मुभा ठेवली. त्यामुळे मासा ज्याच्या दारातून निघून गेला त्याच्याही घरी चूल पेटते. तिसरी, शर्त. आमच्या पाण्याचा परवाना हवा असेल तर आमच्या मधोमध असलेल्या खुल्या समुद्रातल्या पट्ट्यांत जाळे टाकायचे नाही, असे त्यांनी बजावले. गिऱ्हाइकाला फुकटचा पर्यायच उरला नाही.

२०१६ च्या जानेवारीत अमेरिकेने रक्कम परवडत नाही म्हणून करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. बोलणी झाली, काही अटी सैल झाल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिका सुधारित करारावर सही करून मोकळी झाली. दुकानाची पायरी उतरलेले गिऱ्हाईक परत आले, कारण शेजारच्या दुकानातही तोच भाव होता.

खरेदीतली एकी

विक्रीत जे घडले तेच खरेदीतही घडू शकते. पूर्व कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया, डॉमिनिका, ग्रेनाडा आदी छोट्या देशांनी १९८१ मध्ये आपली संघटना बांधली. त्यांचे चलन एक आहे आणि १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला त्यांचे २.७० डॉलर हा दर कायम आहे. १९८६ मध्ये त्यांनी सरकारी दवाखान्यांसाठी औषधांची एकत्र खरेदी सुरू केली. निविदा एकच निघते आणि ज्या कंपनीला ठेका मिळाला तिच्याकडूनच सर्वांनी घ्यायचे, असे बंधन असते. प्रत्येक देश आपली रक्कम मध्यवर्ती बँकेतल्या खात्यात आगाऊ भरतो, म्हणून कंपनीचे पैसे वेळेवर चुकते होतात. उधारी बुडण्याची भीती गेली की व्यापारी दर कमी करतोच. इथेही औषधांचे दर ठळकपणे उतरले.

आश्रय म्हणजे एकी नव्हे

आता दुसरी बाजू. याच बेटांचे केळ्यांचे काय झाले? डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट इथला छोटा शेतकरी डोंगरउतारावर केळी पिकवून ब्रिटनला पाठवीत असे. युरोपने जुन्या वसाहतींना सवलत दिली होती म्हणून ते परवडत होते. १९९६ मध्ये अमेरिका, इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि मेक्सिको यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरुद्ध गेला. पुढे भांडण चालले आणि २००९ च्या जिनिव्हा समझोत्याने मिटले. तोवर हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडून दिली होती. त्यांची बाजारपेठ त्यांच्या एकीवर उभी नव्हती, दुसऱ्याच्या मेहरबानीवर उभी होती.

आमच्या कापडाच्या धंद्यातला दाखला मॉरिशसचा आहे, जिथे मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९७० नंतर तिथे निर्यातीचे कपडे शिवण्याचे कारखाने निघाले. हाँगकाँगचे मालक तिथे गेले, त्यामागे कोट्याचे गणित होते. १ जानेवारी २००५ रोजी कोटा पद्धत संपली आणि कोट्यासाठी आलेले पाहुणे निघून गेले, हजारो कामगार, त्यात बहुतांश स्त्रिया, घरी बसले. जे टिकले त्यांनी सूतकताई देशातच आणली आणि शिलाईचे बरेचसे काम शेजारच्या मादागास्करमध्ये नेले. शेजाऱ्याचे हात आणि आपले यंत्र, अशी ती सोबत होती.

मतभेदाचे काय? ते तिथेही आहेत. २०२१ मध्ये प्रशांत बेटांच्या मोठ्या राजकीय मंचाच्या सरचिटणीसपदावरून पाच देश रुसले आणि बाहेर पडण्याची घोषणा करून बसले. किरिबाती तर २०२२ मध्ये खरोखर बाहेर पडला आणि २०२३ मध्ये परतला. हे पाचही देश ट्यूनाच्या करारातले. तरी परवान्याच्या दिवसांचा कारभार थांबला नाही. खुर्चीवरून भांडले, पण गल्ल्याला हात लावला नाही.

त्यांचे सगळे प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. बहुतेक मासा आजही थायलंडसारख्या देशात जाऊन डबाबंद होतो. सॉलोमनमध्ये नोरो येथे कारखाना आहे, पापुआ न्यू गिनीतही आहेत, पण ते पुरेसे नाहीत. कोरे कापड आपण विकायचे आणि रंगाई-छपाईचा मुनाफा दुसऱ्याने घ्यायचा, हे दुखणे आपल्याला नवे नाही. शिवाय समुद्र तापत चालला आहे. मासा हळूहळू पूर्वेकडे आणि खुल्या समुद्रात सरकेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तसे झाले तर आठांच्या परवान्याची किंमत घटेल आणि ज्या देशांच्या तिजोरीत निम्म्याहून अधिक पैसा माशांचाच येतो, त्यांच्या शाळा-दवाखान्यांवर त्याचा घाव बसेल. हा धूर त्यांच्या चिमणीतून निघालेला नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

मग आपण यातून काय घ्यायचे? चार लूमवाला असो की दोन मशीनचा शिलाई कारागीर, सूत व्यापाऱ्यासमोर आणि पार्टीसमोर तो एकटाच उभा राहतो. संघटना आपल्याकडेही आहेत. अध्यक्ष आहेत, सत्कार होतात, निवेदने दिली जातात. परंतु मजुरीचा एक किमान दर ठरवून त्याखाली काम न घेणारे दहा जण एका गल्लीत सापडत नाहीत. सूत एकत्र घेऊन वेळेवर पैसे भरणारे त्याहून कमी. त्या आठ देशांची भाषा एक नाही, ते एकमेकांपासून शेकडो मैल दूर आहेत. त्यांनी आधी एक वस्तू निवडली, तिचा किमान दर लिहून काढला, हिशेब ठेवायला माणूस नेमला आणि दर मोडणाऱ्यावर नजर ठेवली. आपल्या मोहल्ल्यात एवढे करायला महासागर ओलांडावा लागत नाही. पुढच्या बैठकीत हार-तुरे बाजूला ठेवून हा एकच विषय घ्यावा, अशी माझी सर्व व्यापारी व कारागीर बांधवांना विनंती आहे.